पैजेचा गेम गडबडतो तेव्हा: फाशाला दोष देण्याआधी काय तपासायचं

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेले बरेच जण सुरुवातीलाच हा गेम लिहितात. हाताशी शंभर नाणी, एक फासा, एक अंदाज. अंदाज बरोबर आला तर नाणी वाढतात, चुकला तर जातात. वीस-पंचवीस ओळींचं काम. तक्रारीही ठरलेल्या असतात: शिल्लक बदलतच नाही. दर वेळी तोच आकडा पडतो. जिंकलो तरी 'हरलात' असंच येतं. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, मी कधी जिंकतच नाही, रँडम बिघडलंय का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही बिघडलेलं. पायथन भाषेचं रँडम मॉड्यूल (यादृच्छिक आकडे देणारा तयार भाग) ज्या पद्धतीवर चालतं, तिचं नाव मर्सेन ट्विस्टर. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी ती 1998 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातल्या आकड्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला 2 चा 19937 वा घात वजा 1 इतके आकडे निघावे लागतात. इतकी वर्षं ती लोकांच्या वापरात आणि तपासणीत आहे. तुमच्या पंचवीस ओळी मात्र कालच्या आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची वेळ इथे वारंवार येते.

पण नवशिक्याचा संशय फाशावरच का जातो, हे समजण्यासारखं आहे. साध्या प्रोग्रॅममधली चूक दर वेळी त्याच जागी तशीच दिसते. इथे तसं होत नाही. चूक फक्त जिंकल्यावर चालणाऱ्या ओळीत असेल, तर ती सहा डावांतून सरासरी एकदाच तोंड दाखवणार. तुम्ही काहीतरी बदलता, पुन्हा रन करता, या खेपेला सगळं ठीक दिसतं, आणि वाटतं की झालं दुरुस्त. ते झालेलं नसतं. म्हणून कुठलीही दुरुस्ती सुरू करण्याआधी एकच काम करा.

आधी नशीब बाजूला काढा

फासा टाकण्याचं काम एका छोट्या फंक्शनमध्ये घाला. प्रोग्रॅममध्ये रँडमला हात लावणारी जागा तेवढी एकच ठेवा. मग चाचणीपुरतं त्या फंक्शनला रँडम आकडा देऊ देऊ नका, तुम्ही लिहून ठेवलेल्या यादीतले आकडे एकेक करून देऊ द्या: 3, 6, 6, 1, 2. तुमचे अंदाज आणि पैजाही आधी ठरवा. आता कागदावर पाच डावांचा हिशोब करा, पहिल्यानंतर शिल्लक किती, दुसऱ्यानंतर किती. मग प्रोग्रॅम चालवा. कागद आणि पडदा जिथे पहिल्यांदा वेगळं बोलतील, त्या डावाच्या ओळीत चूक आहे. तिच्या पुढचं काहीही बघायची त्या क्षणी गरज नाही.

काही जण यासाठी सीड (क्रम कुठून सुरू करायचा ते ठरवणारा आकडा) ठरवून देतात, म्हणजे दर वेळी रँडम आकड्यांचा क्रम तोच राहतो. तेही चालतं. मला यादी जास्त पटते, कारण सीड दिल्यावर कोणते आकडे येणार हे चालवून बघेपर्यंत कळत नाही, आणि यादीत आपल्याला हवा तो अडचणीचा प्रसंग मुद्दाम आणता येतो: लागोपाठ दोन विजय, सगळी शिल्लक लावून हार, वगैरे. शिवाय चाचणीसाठी लिहिलेली सीडची ओळ काढायची राहून जाते आणि 'दर वेळी तोच आकडा' ही तक्रार तिथूनच जन्माला येते.

दुसरी सवय प्रत्येक डावाच्या शेवटी एक ओळ छापण्याची. तिच्यात आधीची शिल्लक, पैज, अंदाज, पडलेला आकडा आणि नंतरची शिल्लक असू द्या. पायथनमध्ये छापताना रेप्र हे फंक्शन वापरा. ते स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्हं दाखवतं, त्यामुळे 6 हा आकडा आहे की '6' हा मजकूर, हे डोळ्यांना दिसतं. हा फरक किती महाग पडतो ते पुढे येईलच.

शिल्लक जागची हलत नाही

बहुतेक वेळा 'शिल्लक = 100' ही ओळ लूपच्या आत गेलेली असते. डाव होतो, शिल्लक 90 होते, लूप पुन्हा वर जातो आणि पुन्हा 100. जी गोष्ट खेळात एकदाच घडते ती लूपच्या बाहेर, जी प्रत्येक डावात घडते ती आत. सांगायला इतकं सोपं आहे, तरी स्पेस देऊन ओळी आत-बाहेर ढकलताना ही ओळ चुकून सरकते.

लूप ठीक असेल तर फंक्शन बघा. पायथनमध्ये फंक्शनच्या आत तुम्ही शिल्लकेला नवी किंमत दिली की ते नाव त्या फंक्शनपुरतं वेगळं धरलं जातं. बाहेरच्या शिल्लकेतून वजा करायला गेलात तर 'अनबाउंडलोकलएरर' येते. तिला वैतागून लोक फंक्शनच्या आत पहिल्याच ओळीत पुन्हा 'शिल्लक = 100' लिहितात. एरर जाते, गेमही जातो. योग्य वाट अशी की शिल्लक फंक्शनला द्यायची, नवी शिल्लक रिटर्न करायची, आणि (हेच विसरलं जातं) परत आलेली किंमत धरून ठेवायची:

शिल्लक = डाव_खेळ(शिल्लक)

डावीकडचं 'शिल्लक =' राहून गेलं तर फंक्शन आतल्या आत सगळं बरोबर करतं आणि उत्तर हवेत जातं. एरर येत नाही, काहीच येत नाही. ग्लोबल लिहूनही काम भागतं, पण गेम वाढला की कोणत्या फंक्शनने शिल्लक बदलली हे शोधत बसावं लागतं.

याच्याच जवळची एक चूक: 'पुन्हा खेळणार का?' याला होय म्हटलं की मुख्य फंक्शनने स्वतःलाच बोलवायचं. शिल्लक मूळपदावर येते ते वेगळंच, पण नाही म्हटल्यावर आधीचे अर्धवट थांबलेले खेळ एकेक करून जागे होतात आणि पुढे चालू लागतात. तिथे लूपच हवा.

दर वेळी तोच आकडा

एकाच खेळात, डाव बदलले तरी आकडा तोच राहत असेल, तर फासा लूपच्या आधी टाकला गेला आहे. रँडमने दिलेला आकडा एकदा व्हेरिएबलमध्ये बसला की तो साधा आकडा असतो. व्हेरिएबल वाचल्याने फासा पुन्हा पडत नाही.

एका खेळात आकडे बदलतात, पण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की तोच क्रम येतो? मग सीड ठरलेला आहे. पायथनमध्ये तुम्हीच तो दिलेला असणार. सी भाषेत मात्र काही न देणं हेच कारण असतं, कारण तिथे एसरँड (सीड देणारं फंक्शन) बोलावलं नाही तर रँड हे फंक्शन सीड 1 असल्यासारखं वागतं. मग कोणीतरी सांगतं की एसरँडला वेळ द्या, आणि नवशिका ती ओळ लूपच्या आत टाकतो. ती वेळ सेकंदांत असते. एका सेकंदात लूप हजारो वेळा फिरतो, दर फेरीला तोच सीड, म्हणून दर फेरीला तोच आकडा. एसरँड प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच. सी-शार्पच्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये लूपच्या आत नवा रँडम ऑब्जेक्ट बनवला की हाच प्रकार होतो.

आणि हे एक वेगळंच दुखणं. पायथनची फाइल रँडम याच नावाने सेव्ह केली, की 'इम्पोर्ट रँडम' म्हटल्यावर पायथन स्वतःचं मॉड्यूल न उचलता शेजारी पडलेली तुमचीच फाइल उचलतो. मग एरर येते की रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट (दोन आकड्यांमधला एक काढून देणारं फंक्शन) नावाचं काही नाही. माणूस पायथन काढून पुन्हा इन्स्टॉल करतो, तरी एरर तशीच. फाइलचं नाव बदला, काम झालं.

दाखवला एक, मोजला दुसरा

पडद्यावर येतं 'फाशावर 4 पडला', तुमचा अंदाज 4, आणि खाली 'हरलात'. इथे कोडमध्ये फासा दोनदा टाकलेला असतो, एकदा छापण्यासाठी आणि एकदा तुलना करण्यासाठी. प्रत्येक वेळी रँडइंट लिहिलं की नवा फासा पडतो. एकदाच टाका, व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग छापा, तुलना करा, काय हवं ते करा.

हीच चूक जर-नाहीतर-जरच्या साखळीत शिरली की ओळखू येत नाही. समजा तीन निकाल सारख्या शक्यतेचे हवे आहेत आणि तुम्ही प्रत्येक अटीत नव्याने 1 ते 3 मधला आकडा काढून तुलना करता. पहिल्या निकालाची शक्यता तीनात एक, ती बरोबर. दुसऱ्यापर्यंत पोचायला पहिला हुकावा लागतो, म्हणून दुसऱ्याची 2/9. शेवटी साधं 'नाहीतर' असेल तर उरलेले 4/9 त्याच्या वाट्याला. म्हणजे तिसरा निकाल दुसऱ्याच्या दुप्पट वेळा येतो, आणि वीसेक डाव खेळून हे कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी 'नाहीतर' न ठेवता तिसरी अट लिहिली असेल तर सत्तावीसपैकी आठ डावांत काहीच होत नाही.

अंदाज बरोबर, तरी हरलात

इनपुट हे फंक्शन तुम्ही टाइप केलेलं नेहमी मजकूर म्हणून देतं. तुम्ही 6 टाइप केलं, फाशावर 6 पडला, पण '6' आणि 6 पायथनच्या लेखी समान नाहीत. विशेष म्हणजे बरोबरीची तुलना केली तर एरर येत नाही, निमूट 'असत्य' मिळतं. लहान-मोठं अशी तुलना केलीत तर पायथन 3 लगेच टाइपएरर देतो. म्हणून पैजेची तपासणी करताना चूक सापडते आणि अंदाजाच्या वेळी सापडत नाही. इनपुट घेतल्या घेतल्या इंटमध्ये (पूर्णांकात) बदला, नंतर नको.

जावास्क्रिप्टमध्ये हे दुखणं जास्त मजेशीर दिसतं. शिल्लक 100, प्रॉम्प्टमधून आलेली पैज '20'. हरलात तर 100 मधून '20' वजा होऊन 80, अगदी बरोबर. जिंकलात तर 100 आणि '20' जोडून '10020'. अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर चिकटवतं, वजाचं चिन्ह मात्र मजकुराचा आकडा करून घेतं. त्यामुळे 'हरताना बरोबर, जिंकल्यावर एकदम दहा हजार' अशी तक्रार आली की कोड न बघताही कारण सांगता येतं.

सम-विषमच्या गेममध्ये अट अशी लिहिलेली दिसते: जर अंदाज == 'सम' किंवा 'विषम'. वाचायला छान, पण पायथन 'किंवा'च्या पुढचा भाग स्वतंत्रपणे बघतो, आणि रिकामा नसलेला मजकूर म्हणजे 'सत्य'. ही अट कायमच खरी ठरते. दोन्ही बाजूंना 'अंदाज ==' लिहावं लागतं. टाइप करताना शेवटी चुकून पडलेली स्पेसही बरोबरी मोडते, म्हणून मजकूर आला की स्ट्रिप करून (टोकांच्या स्पेस काढून) घ्या.

आणि माझी सगळ्यात आवडती:

जर बेरीज == 7:
    जिंकले
जर बेरीज == 11:
    जिंकले
नाहीतर:
    हरले

7 आला की माणूस जिंकतो आणि लगेच हरतो. 'नाहीतर' हे फक्त त्याच्या वरच्या 'जर'शी बांधलेलं आहे, पहिल्याशी त्याचं काही नातं नाही. दुसरं 'जर' हे 'नाहीतर जर' हवं, किंवा दोन्ही आकडे एकाच अटीत.

हिशोब

वरचं सगळं नीट असूनही शिल्लक चुकते तेव्हा चूक मुद्दलात असते. पैज लावली, म्हणजे नाणी हातातून गेली का? की निकालानंतर जाणार? दोन्ही रीती बरोबर आहेत. घोळ होतो तो अर्धी एक रीत आणि अर्धी दुसरी घेतल्यावर.

पहिली रीत: आधी काहीच वजा करायचं नाही, हरल्यावर पैज वजा, जिंकल्यावर नफा जमा. दुसरी रीत: पैज लावतानाच वजा, हरल्यावर काहीच करायचं नाही, जिंकल्यावर मुद्दल अधिक नफा परत. आता शंभरातले दहा लावा, एकास एक नफा धरा. दुसऱ्या रीतीने पैज लावताच 90, आणि जिंकल्यावर 20 परत येऊन 110. पण बरेच जण जिंकल्यावर फक्त 10 जमा करतात, मग जिंकूनही शिल्लक 100 वरच. 'जिंकल्यावर काहीच मिळत नाही' ही तक्रार हीच. उलट बाजूला, लावताना वजा आणि हरल्यावर पुन्हा वजा: दहा लावून वीस जातात. मी दुसरी रीत सुचवीन, कारण लावलेली नाणी शिल्लकेत राहतच नाहीत, म्हणून एकाच डावात दोन-तीन पैजा घ्यायच्या असतील तर तीच नाणी दोनदा लावता येत नाहीत.

शिल्लक = 100
जोपर्यंत शिल्लक > 0:
    पैज = पैज_विचार(शिल्लक)
    अंदाज = अंदाज_विचार()
    शिल्लक = शिल्लक - पैज
    आकडा = फासा_टाक()
    जर आकडा == अंदाज:
        शिल्लक = शिल्लक + पैज * 6

शब्द मराठी ठेवले आहेत, तुमच्या भाषेतले बसवून घ्या. इथे 6 ने का गुणलं? सहा आकड्यांतला एक ओळखायचा, म्हणून समान न्यायाचा नफा एकास पाच, आणि त्यात मुद्दल धरून सहा. 'पाच पट नफा' आणि 'पाच पट परत' यांत एका पैजेचा फरक आहे. युरोपियन रूलेटमध्ये (फिरत्या चाकावरच्या जुगारात) 37 घरं असतात आणि एका आकड्यावर एकास 35 नफा मिळतो, म्हणजे परत येतात 36. त्या एका घराच्या फरकातून चालवणाऱ्याचा 1/37, म्हणजे साधारण 2.7 टक्के वाटा निघतो. तुम्ही तिथे 35 च परत दिले तर तो वाटा दुप्पट होतो, आणि कोडमध्ये फरक दिसतो एका अंकाचा.

नवशिक्यांच्या बऱ्याच गेममध्ये सहातला एक आकडा ओळखायचा असतो आणि नफा मात्र एकास एक. अशा गेममध्ये दर नाण्यामागे सरासरी दोन तृतीयांश नाणं जातं. हा बग नाही, आखणी तशी आहे. 'सारखा हरतोय' म्हणणाऱ्याने आधी हे गणित करून बघावं.

नफा दीडपट असेल तर 15 ची पैज 22.5 होते आणि दशांश शिरतात. संगणकात 0.1 अधिक 0.2 म्हणजे 0.30000000000000004, त्यामुळे 'शिल्लक शून्य झाली का' ही तपासणी कधीतरी दगा देते. सगळा हिशोब सगळ्यात लहान एककात, पूर्णांकात ठेवा.

खेळणाऱ्याने काहीही टाइप केलं तर

उणे 50 ची पैज लावा. हरलात की शिल्लक 50 ने वाढते! तुमच्या गेममध्ये हे चालतंय का, आत्ताच बघा. पैज शून्याहून मोठी आणि शिल्लकेइतकी किंवा तिच्याहून लहान, या दोन्ही अटी हव्यातच. दुसरी नसेल तर शिल्लक उणे होते, आणि लूपची अट 'शिल्लक शून्य नाही तोपर्यंत' अशी लिहिलेली असेल तर 20 मधून 30 गेल्यावर शून्य ओलांडलं जातं आणि गेम संपतच नाही. म्हणून 'शून्याहून मोठी असेल तोपर्यंत'.

अक्षरं टाइप केली तर पायथन व्हॅल्यूएरर देऊन थांबतो. ती पकडा आणि पुन्हा विचारा. देवनागरी कीबोर्ड चालू असताना कोणी ५० टाइप केलं तर पायथनचा इंट ते बिनतक्रार 50 मानतो. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र मानत नाही, तो 'नॅन', म्हणजे 'आकडा नाही', देतो. नॅनची लहान-मोठी अशी कोणतीही तुलना खोटीच निघते. तुम्ही तपासणी 'पैज शिल्लकेहून जास्त असेल तर नाकार, शून्य किंवा कमी असेल तर नाकार' अशी लिहिली असेल तर नॅन दोन्हींतून सुटतो आणि शिल्लकच नॅन करून ठेवतो. तपासणी उलटी लिहा: योग्य असेल तरच घे, बाकी सगळं नाकार.

कोड बरोबर आहे, तरी हरतोच

तुमचा लूप कधी थांबतो? शिल्लक शून्य झाल्यावर. म्हणजे खेळ संपल्याचा प्रत्येक प्रसंग हा कफल्लक होण्याचाच प्रसंग आहे. अगदी समान न्यायाच्या नाणेफेकीतही एका बाजूला मोजकी नाणी आणि दुसरीकडे न संपणारी तिजोरी असेल, तर खेळत राहणारा शेवटी शून्यावर येतोच. यावर उपाय म्हणजे लूपला दुसरं दार द्या: शिल्लक 200 झाली की 'जिंकलात' म्हणून थांबा. 100 पासून दहा-दहा लावत, समान न्यायाच्या नाण्यावर, निम्म्या वेळा 200 गाठलं जातं. ही तुमच्या कोडची एक फुकट चाचणीही झाली. दहा हजार खेळ आपोआप चालवा, यश पन्नास टक्क्यांच्या आसपास आलं नाही तर हिशोब तपासा. रूलेटच्या लाल-काळ्यावर, म्हणजे 18/37 शक्यतेने, हेच यश सुमारे 37 टक्क्यांवर येतं. एका डावात 2.7 टक्के वाटणारा फरक इतका साचतो.

लागोपाठ पाच वेळा काटा पडला म्हणूनही संशय घेऊ नका. शंभर नाणेफेकींत कुठेतरी सलग पाच किंवा जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे 97 टक्के आहे. असा सलग पट्टा अजिबात न दिसणं हेच विचित्र.

खरोखर वाकडा फासा बनवण्याचे मार्गही आहेत, पण ते रँडमने नाही, आपण बनवलेले असतात. दोन फाशांच्या बेरजेसाठी 2 ते 12 मधला एक आकडा काढणं हा त्यातला नेहमीचा. खऱ्या फाशांत 7 ची शक्यता 6/36 आणि 2 ची 1/36. थेट काढलेल्या आकड्यात दोन्हींची 1/11. जावास्क्रिप्टमध्ये शून्य ते एकमधल्या अपूर्णांकाला 5 ने गुणून, राउंड करून, 1 मिळवला की 1 आणि 6 दहातून एकदा येतात आणि मधले चार पाचातून एकदा. तिथे 6 ने गुणून फ्लोर करा (दशांश सोडून खालचा पूर्णांक घ्या), मग 1 मिळवा. पायथनमध्ये रँडइंट 1, 6 दोन्ही टोकं धरतो, रँडरेंज 1, 6 मात्र 5 वरच थांबतो. टोकाच्या एका आकड्याची ही चूक फक्त नवशिक्यांची नाही. 1999 मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या पत्ते पिसण्याच्या कोडमध्ये ती सापडली होती: 1 ते 52 च्या जागी 1 ते 51 मधलाच आकडा निघायचा, म्हणून 52 वा पत्ता पिसल्यावर 52 व्या जागी कधीच राहत नसे. त्याच कोडात सीड मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतलेला होता, म्हणजे दिवसाला जेमतेम 8 कोटी 64 लाख क्रम शक्य. शोधणाऱ्यांना पुढचे पत्ते आधीच काढता आले. शिकण्याच्या गेमला पायथनचं रँडम पुरेसं आहे, पण जिथे कोणाला अंदाज बांधता येऊन चालणार नाही अशा कामासाठी सीक्रेट्स हे वेगळं मॉड्यूल आहे.

फासा तपासायचा तर 60,000 वेळा टाका आणि प्रत्येक आकडा किती वेळा आला ते मोजा. दर आकडा 10,000 च्या आसपास, दोनशे इकडेतिकडे चालतील. हजारभराचा फरक असेल तर वरच्यापैकी काहीतरी झालं आहे. 600 च वेळा टाकलात तर 85 आणि 115 सुद्धा नेहमीचेच, त्यावरून काही ठरवू नका.

पूर्ण गेम तपासायला मी तीन फाशांचा गेम घेतो. एक आकडा निवडायचा, तीन फासे टाकायचे, तो आकडा एकावर आला तर नफा एकपट, दोनांवर दुप्पट, तिन्हींवर तिप्पट, एकावरही नाही तर पैज गेली. 216 शक्यतांपैकी 125 मध्ये हार, 75 मध्ये एकपट, 15 मध्ये दुप्पट आणि एकीत तिप्पट. सरासरी निघते उणे 17/216, म्हणजे दर नाण्यामागे उणे 0.0787. दहा लाख डाव एकेक नाणं लावून चालवा (लूपमधलं छापणं बंद करा, नाहीतर बसून राहाल). सरासरी उणे 0.076 ते उणे 0.081 मध्ये आली पाहिजे. शंभरच डाव चालवलेत तर एकूण हिशोब 30 नाणी तोटा ते 14 नाणी नफा यांत कुठेही असू शकतो.

आणि आकडा चुकला तर तो कुठे चुकला तेही सांगतो. बरोबर उणे 1 आलं तर अंदाज कधी जुळतच नाही, म्हणजे मजकूर आणि आकडा यांची तुलना होते आहे. उणे 0.5 आलं तर पैज आधी वजा करून जिंकल्यावर मुद्दल परत द्यायचं राहिलं आहे. उणे 0.657 च्या आसपास आलं तर हरल्यावर पैज दोनदा कापली जाते. फासा 5 वरच थांबत असेल तर मात्र फसगत होते: 1 ते 5 पैकी कुठल्याही आकड्यावर सरासरी अधिक 0.088, आणि 6 वर उणे 1. अंदाजही रँडम घेतलात तर हे सगळं मिसळून उणे 0.093 होतं, जे बरोबर उत्तराच्या इतकं जवळ आहे की नजरेतून निसटेल. म्हणून सहाही आकड्यांवर वेगवेगळी दहा लाखांची फेरी चालवा.